कर शून्य झाला, कागद तेवढेच राहिले : शॉर्ट-बॅरल शॉटगनची नोंदणी आता करावी का?

ऑस्टिनकर

अमेरिकेत शॉर्ट-बॅरल शॉटगनवरचा (१८ इंचांपेक्षा आखूड नळीची किंवा एकूण २६ इंचांपेक्षा आखूड शॉटगन; पुढे एसबीएस) फेडरल कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टने (एनएफए) लावलेले २०० डॉलर नव्वद वर्षं जसेच्या तसे होते. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कर-कायद्याने ते एसबीएस, शॉर्ट-बॅरल रायफल आणि सायलेन्सरवरून उठवले. मशीनगन आणि डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइसला (बॉम्ब-ग्रेनेडसारख्या हत्यारांचा वर्ग) २०० अजून आहेतच. (स्ट्रीट स्वीपर आणि यूएसएएस-१२ या शॉटगन १९९४ पासून डिस्ट्रक्टिव्ह डिव्हाइस मानल्या जातात. तेव्हा 'शॉटगन म्हणजे शून्य' असं सरसकट धरू नका.)

माझं मत सरळ आहे. राज्यात चालत असेल आणि हवी असेल, तर आता मागे राहण्याचं कारण उरलेलं नाही. रस्ते दोन.

एक, कारखान्यातूनच आखूड नळीची आलेली बंदूक विकत घेणे, म्हणजे फॉर्म ४. डीलर तुमच्याच राज्यातला आणि एनएफएचा वेगळा व्यवसाय कर भरणारा हवा. माल दुसऱ्या राज्यात असेल तर आधी डीलर-ते-डीलर फॉर्म ३ होतो, बंदूक तुमच्या डीलरकडे येते आणि मग तुमच्या नावाचा फॉर्म ४ लागतो. मंजुरी येईपर्यंत ती त्याच्या तिजोरीत. मंजुरीनंतर दुकानात नेहमीचा ४४७३ (बंदूक खरेदीचा फेडरल फॉर्म) भरायचा आणि घरी न्यायची.

दोन, आपल्याकडच्या शॉटगनची एसबीएस करणे, म्हणजे फॉर्म १. इथे क्रम उलटा झाला की गुन्हा: आधी अर्ज, मग मंजुरी, मग काम. अर्ज गेला, ठसे गेले, 'पेंडिंग' दिसतंय, म्हणून नळीला हात लावायचा नाही.

दोन्हीकडे एटीएफच्या (बंदुकांचे कायदे राबवणारी फेडरल संस्था) ई-फॉर्म्सवर खातं, वर्षभराच्या आतला २ बाय २ इंचांचा फोटो, बोटांचे ठसे (एफडी-२५८ ची दोन कार्डं किंवा डिजिटल ईएफटी फाइल) आणि अर्जाची एक प्रत स्थानिक पोलीस प्रमुख किंवा शेरीफला. ही प्रत फक्त माहितीसाठी असते. १३ जुलै २०१६ पूर्वी त्यांची सही लागायची आणि ते ती अडवू शकत. आता अडवता येत नाही.

साडेअठरा

दोनशे डॉलर हा कधीच खरा अडथळा नव्हता हो. ज्याला हजार डॉलरची बंदूक परवडते त्याला दोनशे परवडतातच. खरी किंमत कागदाची आहे, आणि ती एक पैशाने उतरलेली नाही.

बघा काय मिळतं ते. कायद्याची रेघ १८ इंचांवर, बाजारातली सर्वसाधारण आखूड नळी साडेअठरा. १४ इंची घेतली तर वाचले साडेचार इंच. त्याबदल्यात मॅगझिन ट्यूबही आखूड होते. मॉसबर्ग ५९० च्या २० इंची नळीखाली ट्यूबमध्ये ८ काडतुसं बसतात, १४ इंचीखाली ५. ज्वाळा मोठी, आवाज जास्त. आणि छर्रा 'लवकर पसरतो' म्हणतात, त्यात नळीच्या लांबीपेक्षा चोक (नळीच्या तोंडाशी असलेला अरुंद भाग) आणि काडतुसाचा हात जास्त असतो. साडेचार इंचांसाठी बंदूक आयुष्यभर सरकारी नोंदवहीत, दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी परवानगी, बायकोच्या हाती एकटीने द्यायची सोय नाही, आणि चूक झाली तर १० वर्षांपर्यंत तुरुंग. सौदा बरा वाटत असेल तर करा.

ऑस्टिनकर

@साडेअठरा, घरातल्या अरुंद बोळात आणि गाडीच्या दारात साडेचार इंच बरेच असतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. ट्यूबचं म्हणणं मान्य. पण 'गरज काय' हा प्रश्न कायदा विचारत नाही. फॉर्म १ वर कारणाच्या रकान्यात 'सर्व कायदेशीर उपयोग' एवढं लिहिलं की पुरतं. तिथे निबंध लिहिणाऱ्यांचे अर्ज लवकर सुटतात असं काही नाही.

हिरवंकार्ड

वरच्या पोस्टमध्ये 'राज्यात चालत असेल आणि हवी असेल' एवढ्या दोनच अटी घातल्यात. आपल्या लोकांसाठी तिसरी अट सगळ्यात मोठी आहे, ती म्हणजे इमिग्रेशन स्टेटस. म्हणून जरा लांबण लावतो.

एच-१बी, एल-१, एफ-१ असे सगळे बिगर-स्थलांतरित व्हिसावाले फेडरल कायद्याने मुळातच बंदूक बाळगू शकत नाहीत. अपवाद आहे, त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्यातरी राज्याचं चालू शिकार लायसन्स. ते असेल तर साधी शॉटगन घेता येते आणि कागदावर एनएफएचा अर्जही करता येतो. पण ते लायसन्स संपलं आणि नूतनीकरण राहून गेलं, की त्या दिवसापासून घरातली प्रत्येक बंदूक आणि प्रत्येक काडतूस बेकायदा ताब्यात. अशा पायावर एनएफएचा मजला चढवू नये.

ग्रीन कार्डवाल्यांना बाळगण्याचा हक्क आहे, शिकार लायसन्सही लागत नाही. त्यांचा धोका वेगळा. एनएफएचे गुन्हे कलम ५८६१ मध्ये आहेत, आणि इमिग्रेशन कायद्याच्या 'ॲग्रव्हेटेड फेलनी'च्या व्याख्येत या ५८६१ चं नाव घेऊन उल्लेख आहे. नागरिक माणूस नोंदणी नसलेल्या एसबीएससह सापडला आणि दोषी ठरला तर शिक्षा भोगून घरी येतो. ग्रीन कार्डवाला शिक्षा भोगतो, मग देशाबाहेर काढण्याची कारवाई, त्यात इमिग्रेशन न्यायाधीशाच्या हातातले सवलतीचे बरेचसे मार्ग बंद, आणि नागरिकत्वासाठी लागणारं 'चांगलं चारित्र्य' कायमचं गेलेलं. शिवाय फायरआर्म कायद्याखाली दोषी ठरणं हे देशाबाहेर काढण्याचं स्वतंत्र कारण आहे, ते वेगळंच.

माझा सल्ला: शपथ घेऊन निळा पासपोर्ट हातात येईपर्यंत एसबीएसच्या वाटेला जाऊ नका.

ऑस्टिनकर

@हिरवंकार्ड, पण हे सगळं नोंदणी *नसलेल्या* हत्याराचं झालं. मंजूर अर्ज हाती असणाऱ्या ग्रीन कार्डवाल्याला भीती कसली? कागद नीट केलेल्याला घाबरवण्यात अर्थ नाही.

हिरवंकार्ड

@ऑस्टिनकर, ५८६१ फक्त नोंदणी नसण्याबद्दल नाही. अर्जात खोटी नोंद केली, मंजुरीआधी बनवलं, सिरियल नंबर खोडला, नियमाप्रमाणे न झालेलं हस्तांतर स्वीकारलं, सगळं त्याच कलमात येतं. बहुतेक लोक मुद्दाम काही करत नाहीत. अर्जात एक नळी, हातात दुसरी, किंवा मंजुरीच्या आठवडाभर आधीच 'बसवून तर बघू', अशी प्रकरणं असतात. नागरिकाला त्यातून वकील सोडवेल. बाकीच्यांना वकील दोन लागतात, एक फौजदारी आणि एक इमिग्रेशनचा.

कलम_बहाद्दर

नावाचा घोळ कोणी बोललं नाही. आपल्या लोकांचे अर्ज यावरच परत येतात.

पासपोर्टवर दिलेलं नाव आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात, ड्रायव्हिंग लायसन्सवर वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून, ठशांच्या कार्डावर नुसतं आद्याक्षर. बाईमाणसाचं त्याहून वाईट: माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, मधलं नाव कधी वडिलांचं कधी नवऱ्याचं. अर्ज, ठसे आणि सरकारी ओळखपत्र, तिन्हीवर एकच नाव, पूर्ण, त्याच क्रमाने लिहा. मधलं नाव असेल तर आद्याक्षरावर भागवू नका. आधी वापरलेली नावं विचारली आहेत तिथे ती सगळी द्या.

ठशांचंही सांगतो. कोरड्या हातांचे ठसे शाईत फिके उठतात आणि 'वाचता येत नाहीत' म्हणून परत मागवले जातात. आदल्या दोन-तीन दिवसांत हातांना काहीतरी लावा, ठसे देताना मात्र हात धुऊन पुसून कोरडे. ई-फॉर्म भरून कार्डं टपालाने पाठवणार असाल तर सोबत बारकोड असलेलं कव्हर-पत्र घाला आणि त्यावर दिलेली मुदत पाळा. कव्हरशिवाय गेलेलं कार्ड कुठल्या अर्जाचं हे तिथे कुणाला कळणार?

ट्रस्टी

साडेअठरांनी 'बायकोच्या हाती देता येत नाही' म्हटलं. तो प्रश्न ट्रस्टने सुटतो. वैयक्तिक नावावरची एसबीएस नोंदणीकृत माणसाच्या देखरेखीशिवाय दुसऱ्या कुणाच्या ताब्यात असू शकत नाही. तिजोरीचा आकडा बायकोला माहीत आणि नवरा पुण्याला गेलेला, हीच मुळात अडचणीची स्थिती. ट्रस्टमध्ये दोघं ट्रस्टी असले की दोघांचाही ताबा कायदेशीर. मालक वारल्यावरही बंदूक ट्रस्टकडेच राहते.

ट्रस्टवर हक्क चालवणारा प्रत्येक जण 'रिस्पॉन्सिबल पर्सन' ठरतो. अर्जाच्या वेळी जे असतील त्या प्रत्येकाचा फॉर्म २३, फोटो, ठसे, आणि शेरीफला प्रत. मंजुरीनंतर नवा ट्रस्टी घेतला तर आधीच नोंदलेल्या हत्यारासाठी एटीएफला पुन्हा काही पाठवावं लागत नाही. पुढच्या अर्जात तो येतो. ट्रस्टचे कागद २४ महिन्यांत दिलेले असतील आणि काही बदललं नसेल, तर तसं प्रमाणपत्र चालतं, पूर्ण जुडगा पुन्हा लागत नाही.

एकटा_जीव

@ट्रस्टी, २०१६ च्या आधी ट्रस्टची चलती होती, कारण ट्रस्टला ठसे, फोटो आणि पोलीस प्रमुखाची सही यातलं काही लागायचं नाही. ती सवलत गेली. आता चार ट्रस्टी म्हणजे चार जणांचे ठसे, आणि एकाचे फिके उठले की चौघांचा अर्ज अडतो. वर डीलरकडून उचलताना वैयक्तिक अर्जदाराची मंजुरी तपासणीसह आलेली असते, म्हणून काउंटरवर पुन्हा एनआयसीएस (खरेदीदाराची फेडरल पार्श्वभूमी-तपासणी) लागत नाही. ट्रस्टच्या वतीने उचलणाऱ्याची मात्र करावी लागते.

वारसाचं कारणही पुढे करू नका. नोंदणीकृत मालक वारला तर मृत्युपत्राचा व्यवस्थापक प्रोबेट (मृत्युपत्राची कोर्टातली प्रक्रिया) चालू असताना ती सांभाळू शकतो, आणि वारसाच्या नावे फॉर्म ५ ने जाते. फॉर्म ५ आधीपासून करमुक्तच होता.

ट्रस्टी

व्यवस्थापकाला ती एसबीएस आहे हे कळलं तर. कपाटामागे शॉटगन सापडली की लोक ती भाच्याला देऊन टाकतात, तोही खुशीने घेतो आणि दुसऱ्या राज्यातल्या घरी नेतो. ट्रस्टच्या कागदात निदान यादी असते.

आणि एक बारीक गोष्ट. फॉर्म १ करणार असाल तर ट्रस्टचं नाव लहान ठेवा. ते बंदुकीवर कोरायचं असतं. अर्जात 'कुलकर्णी-देशमुख फॅमिली रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट' लिहिलंत तर तेवढंच रिसीव्हरवर (बंदुकीच्या मधल्या मुख्य सांगाड्यावर) मावायला हवं.

नवीन_भरती

कोरायचं म्हणजे? बंदुकीवर कंपनीचं नाव असतंच ना?

कलम_बहाद्दर

@नवीन_भरती, फॉर्म ४ ला काही कोरावं लागत नाही, कारखान्याने केलेलं असतं. फॉर्म १ मध्ये कायद्याच्या नजरेत 'बनवणारे' तुम्ही. म्हणून कंपनीच्या खुणा तशाच ठेवून तुमचं (किंवा ट्रस्टचं) नाव, शहर आणि राज्य जोडायचं. सिरियल नंबर मूळचाच वापरायचा, नवा शोधून काढायचा नाही. अर्जातही उत्पादक म्हणून मूळ कंपनी लिहायची, मॉसबर्ग असेल तर मॉसबर्ग.

खोली किमान ०.००३ इंच. सिरियल नंबरचं अक्षर १/१६ इंचापेक्षा लहान नको, तो इथे कंपनीचाच असल्यामुळे चिंता नाही. नळीवर कोरू नका. पंप शॉटगनची नळी बदलता येते, आणि नळी उतरली की तुमचं नावही उतरलं. रिसीव्हरवरच कोरा. मॉसबर्ग ५०० आणि ५९० चा रिसीव्हर ॲल्युमिनियमचा, रेमिंग्टन ८७० चा पोलादी. ॲल्युमिनियमवर लेझरवाले कधीकधी वरचा रंग तेवढा जाळतात, दिसायला झकास आणि खोली शून्य. दुकानदाराला 'छान करून दे' न म्हणता आकडा सांगा आणि काम झाल्यावर मोजून दाखवायला लावा.

अर्ज केला तेव्हा राहत होता ते शहर कोरायचं. पुढे घर बदललं तर पुन्हा कोरायची गरज नाही.

जर्सीकर

इथे निम्मे वाचक एडिसन, फ्रीमाँट नाहीतर शिकागोच्या उपनगरांत राहणारे आहेत. त्यांच्यासाठी एका वाक्यात: न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि इलिनॉय इथे सामान्य माणसाला एसबीएस ठेवता येत नाही, मग फेडरल कर शून्य असो की दोन हजार. राज्यात मनाई असेल तर एटीएफ अर्ज नाकारते.

उलट टेक्सासने १ सप्टेंबर २०२५ पासून शॉर्ट-बॅरल शॉटगन आणि रायफल आपल्या राज्याच्या निषिद्ध यादीतून काढल्या. त्याचा अर्थ काहींनी 'टेक्सासात आता कागद लागत नाही' असा लावला. लागतो. राज्याचा गुन्हा गेला, फेडरल जागच्या जागी आहे. ऑस्टिनकरांनी हे सुरुवातीलाच ठळक लिहायला हवं होतं.

साडेअठरा

मग माझा पर्याय ऐका. ज्याला १४ इंचीच हवी त्याने मॉसबर्ग ५९० शॉकवेव्ह किंवा रेमिंग्टन टॅक-१४ घ्यावी. नळी १४ इंच, मागे दस्त्याऐवजी पक्ष्याच्या डोक्यासारखी मूठ, एकूण लांबी २६ इंचांच्या वर. कारखान्यातून कधीच खांद्याला लावायचा दस्ता बसलेला नाही, म्हणून ती फेडरल व्याख्येत 'शॉटगन'च नाही, आणि शॉटगन नाही म्हणून शॉर्ट-बॅरल शॉटगनही नाही. ना फॉर्म १, ना फॉर्म ४. नेहमीचा ४४७३ भरा, घरी या.

ऑस्टिनकर

@साडेअठरा, कागदाला घाबरणाऱ्या माणसाला तुम्ही सगळ्यात निसरडी बंदूक सुचवताय! शॉकवेव्हला दस्ता बसवला की त्याच क्षणी ती नोंदणी नसलेली एसबीएस. मूठ काढून आखूड पिस्तुल-मूठ लावली आणि एकूण लांबी २६ च्या खाली गेली, तर ती 'एनी अदर वेपन', म्हणजे तीही एनएफएमध्ये. आणि ज्याच्या घरी दस्ता असलेली साधी ५९० आहे, त्याने साफसफाई करताना शॉकवेव्हची १४ इंची नळी तिच्यावर चढवली तर काम दोन मिनिटांचं आणि गुन्हा पूर्ण. दस्त्याशिवाय १२ बोअरचा धक्का मनगटावर घ्यायचा आणि मूठ डोळ्याशी धरून नेम धरायचा, ते वेगळंच. नोंदणीकृत एसबीएसला दस्ता असतो, नळी आणि दस्ता हवे तसे बदलता येतात. मला तरी तोच कागद स्वस्त वाटतो.

जर्सीकर

आणि कॅलिफोर्नियाच्या व्याख्येत 'खांद्याला लावायची' ही अटच नाही. शॉटगन काडतूस उडवणारं आणि १८ इंचांपेक्षा आखूड नळीचं कुठलंही फायरआर्म तिथे शॉर्ट-बॅरल शॉटगन. म्हणजे शॉकवेव्हही बाद. नेवाडातल्या मित्राकडून आणायचा विचारही नको.

नवीन_भरती

मोजायची कशी मग? चोक धरून की सोडून?

कलम_बहाद्दर

बंदूक रिकामी आहे याची खात्री करून बोल्ट बंद करायचा, नळीच्या तोंडातून लाकडी गज बोल्टला टेकेपर्यंत आत सोडायचा, नळीच्या तोंडाशी खूण करून गज बाहेर काढून मोजायचा. स्क्रूने लागणारा चोक धरायचा नाही. नळीला कायमचा जोडलेला भागच धरतात, आणि कायमचा म्हणजे वेल्ड किंवा उच्च तापमानाचं चांदीचं सोल्डर. लॉकटाइट (स्क्रू घट्ट धरणारा गोंद) म्हणजे कायमचं नव्हे. एकूण लांबी नळीच्या रेषेला समांतर मोजतात, दस्त्याच्या तिरक्या बाजूने टेप लावून नाही. १८ आणि २६ वर बरोबर काठावर बसलेली बंदूक घेऊ नका, पाव-अर्धा इंच मोकळा ठेवा.

पेन्शनर

मूळ प्रश्नच कोणी विचारत नाहीये, की ही नोंदवही असावी का? माझ्या मते असावी. आखूड नळीची शॉटगन कोटाखाली लपते आणि जवळून तिच्याइतकं घातक काही नाही. १९३९ च्या मिलर खटल्यात जॅक मिलर आणि फ्रँक लेटन यांनी ओक्लाहोमातल्या क्लेअरमोरहून आर्कान्साच्या सायलोम स्प्रिंग्सला नेलेली अशीच बंदूक होती. सर्वोच्च न्यायालयाने तिचा घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतल्या सुसज्ज मिलिशियाशी (नागरी सेनेशी) संबंध दाखवणारा पुरावाच समोर नसल्याचं सांगून कायदा टिकवला. २००८ मध्ये हेलर खटल्यात स्वसंरक्षणाचा वैयक्तिक हक्क मान्य करतानाही शॉर्ट-बॅरल शॉटगन त्या हक्काबाहेरच ठेवली. हक्क वाढवणाऱ्यांनीसुद्धा हिला वगळलं, यात काही अर्थ असेल ना?

ऑस्टिनकर

@पेन्शनर, मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयात बचाव पक्षाच्या वतीने कोणी उभंच राहिलं नव्हतं. एका बाजूचं ऐकून झालेला निकाल आहे तो.

आणि 'लपते' म्हणाल तर १९३४ च्या मूळ विधेयकात पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हरही होती. पिस्तुलावर कर लावायचा तर लोक रायफल-शॉटगन कापून पिस्तुलाएवढी करतील, म्हणून आखूड नळ्यांचं कलम. पुढे विधेयकातून पिस्तुलं वगळली, हे कलम राहून गेलं. आज खिशात मावणारं ग्लॉक पिस्तूल ४४७३ वर मिळतं आणि २६ इंची शॉटगनला ठसे लागतात. रायफलची मर्यादा १९६० मध्ये १८ वरून १६ केली, तेव्हा कुठलं आकाश कोसळलं?

पेन्शनर

पिस्तुलं सुटली ही चूक झाली म्हणून शॉटगनही सोडायची, हा कुठला न्याय? छर्ऱ्याचं काडतूस आणि नऊ मिलिमीटरची गोळी जवळून एकसारख्या नसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एकटा_जीव

दोघांच्या मध्ये एक मुद्दा. सोन्झिन्स्की खटल्यात १९३७ साली एनएफए टिकला तो काँग्रेसच्या *कर लावण्याच्या* अधिकारावर. आता करच शून्य. कराशिवाय करनोंदणी कशाच्या जोरावर, असं विचारणारे दावे फेडरल न्यायालयांत दाखल झालेत. त्यांचं होईल ते होईल. पण 'कायदा पडणारच आहे' म्हणून कागद टाळणाऱ्याला त्या दाव्यांचा काडीचा उपयोग नाही. गुन्हा घडला त्या दिवशी कायदा काय होता, हे पाहतात.

नोंदवहीची भीती वाटणाऱ्यांसाठी: एनएफएची नोंद ही करविषयक माहिती म्हणून कलम ६१०३ खाली गोपनीय असते. मंजूर अर्जाची मूळ प्रत तिजोरीत, एक प्रत बंदुकीबरोबर. एटीएफ अधिकाऱ्याने मागितली तर दाखवणं बंधनकारक आहे.

नवीन_भरती

सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये जुनी कापलेली दुनळी सापडली तर? आता फुकट आहे तर फॉर्म १ भरून टाकता येईल का?

एकटा_जीव

नाही! हे नीट वाचा. आधीच बनलेली आणि नोंद नसलेली एसबीएस तिच्या ताबेदाराला नोंदवता येत नाही. फॉर्म १ हा पुढे बनवायच्या हत्याराचा अर्ज आहे, आणि झालेल्या गोष्टीसाठी भरला तर तोच खोटी नोंद ठरतो. १९६८ मध्ये महिनाभराची माफीची मुदत दिली होती, २ नोव्हेंबरपासून, तेव्हा नोंद नसलेली हत्यारं नोंदवता आली. त्यानंतर तशी संधी आलेली नाही. अशी दुनळी सापडली तर तिला हात न लावता आधी वकील गाठा. तो एटीएफ किंवा पोलिसांकडे सोपवण्याची व्यवस्था करतो. गाडीत टाकून स्वतः पोलीस ठाण्यात नेऊ नका, वाटेत ती तुमच्याच ताब्यात असते.

साडेअठरा

राज्य बदलणाऱ्यांचं कोणी लिहिलं नाही, आणि आपले लोक तर प्रोजेक्टमागे तीन-तीन वर्षांनी राज्य बदलतात. एसबीएस राज्याबाहेर न्यायची तर आधी फॉर्म २०. शेजारच्या राज्यात शिकारीला दोन दिवस असो की कायमचं स्थलांतर असो. सायलेन्सरला तो लागत नाही, एसबीएसला लागतो, आणि सायलेन्सरवाल्या मित्राचं ऐकून निघणारे इथेच फसतात.

कलम_बहाद्दर

फॉर्म २० ला तेव्हाही पैसे नव्हते, आताही नाहीत. तात्पुरत्या प्रवासासाठी एका ठिकाणची परवानगी ३६५ दिवसांपर्यंतची मागता येते, प्रत्येक फेरीला नवा अर्ज नको. आखूड नळी घरी ठेवून १८ च्या वरची नळी चढवून प्रवास केला, एकूण लांबीही २६ च्या वर असली, तर त्या स्वरूपात फॉर्म २० लागत नाही, अशी एटीएफची भूमिका आहे. पण आखूड नळी त्याच बॅगेत घेऊन निघालात तर त्या युक्तिवादाला अर्थ उरत नाही.

नवं राज्य मनाई असलेलं असेल तर फॉर्म २० मंजूरच होणार नाही. टेक्सासहून न्यू जर्सीला बदली झाली तर पर्याय तीन: जाण्याआधी टेक्सासातच फॉर्म ४ ने विकणे, लांब नळी कायमची बसवून एटीएफला लिहून नोंदवहीतून काढायला सांगणे, किंवा टेक्सासात अशा कुलूपबंद ठिकाणी ठेवणे जिथे तुमच्याशिवाय कुणाचा हात पोहोचत नाही. भावाच्या घरातली त्याची तिजोरी हे तसं ठिकाण नाही.

पेन्शनर

आणि कायमचं भारतात परतायचं असेल तर?

हिरवंकार्ड

@पेन्शनर, सोबत नेण्याचा विषयच नाही. भारताच्या शस्त्र नियमांत २० इंचांपेक्षा आखूड नळीची गुळगुळीत नळीची बंदूक निषिद्ध शस्त्रांच्या वर्गात बसते. अमेरिकेतली पूर्ण कायदेशीर साडेअठरा इंचीसुद्धा तिथे त्यात येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निषिद्ध शस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान ७ वर्षं, कमाल १४. अमेरिकेच्या बाजूने निर्यातीचे कागद वेगळे. घर विकायला काढाल त्याच महिन्यात फॉर्म ४ भरायला घ्या. विमानाचं तिकीट काढल्यावर डीलरकडे गेलात तर मंजुरी तुमच्या तारखेसाठी थांबत नाही, आणि मंजुरीआधी बंदूक मित्राकडे 'ठेवायला' दिली की दोघंही ५८६१ मध्ये.